नेपथ्यातून खाजनात: पाणथळ रंगवायच्या नोंदी

१२ जून

पाऊस लागला. नाटकांचा सिझन संपला, फ्लॅट (चौकटीवरच्या सेटच्या भिंती) आणि लेव्हल (स्टेजवरचे चौथरे) गोदामात गेल्या, चवथीच्या मखरांची कामं येईपर्यंत हात मोकळे, म्हणून हे आत्ताच सुरू करतोय. मी गोव्यातल्या माशेलचा. वीसेक वर्षं नेपथ्य केलं, आधी उत्सवी नाटकांचे पडदे (राजवाडा, जंगल, देऊळ, रस्ता, एवढे चार असले की गाव खूश), मग कला अकादमीच्या स्पर्धेतल्या नाटकांचे सेट. आता पडदा रंगवून घेणारे कमी झालेत, फ्लेक्स छापून मिळतो नाहीतर मागे एलईडी स्क्रीन लावतात, आणि त्यांचंही चूक नाही, तीन अंकांसाठी कोण एवढा खर्च करणार.

तर ठरवलंय ते असं. बाणस्तारी, कुंभारजुव्याची खाडी, करमळी, दिवाडी, चोडण हा सगळा पट्टा घरापासून जवळ आणि सगळा पाणथळ: खाजनं (बांधाने नदीपासून राखलेली खोलगट शेतं), तळी, खारफुटी. वर्षभर हेच रंगवायचं. जागेवर जाऊन छोटी चित्रं, घरी मोठी. सेटवाले बरेच जण चित्राकडे वळायचं म्हणतात आणि अडतात ते साध्या साध्या गोष्टींत, कापड, सरस, उजेड असल्या. म्हणून इथे सामान, पैसे आणि वाया गेलेला वेळ एवढंच लिहीन.

२१ जून

गोदामात जुन्या पडद्याचं मांजरपाट बरंच पडलं होतं. धुतलं, चौकटीवर ताणलं, आणि नेहमीसारखा सरस देऊन त्यावर खडू पावडरचा हात मारला. सरस रात्री भिजत घालायचा, सकाळी गरम पाण्याच्या भांड्यात दुसरं भांडं ठेवून वितळवायचा, उकळू द्यायचा नाही, उकळला की पकड जाते. खर्च जवळजवळ शून्य. पावडर रंगसुद्धा घरचेच वापरले.

पहिलं चित्र बाणस्तारीच्या बाजूचं शेत. ओलं असताना फार छान दिसत होतं. सुकल्यावर सगळं दोन पायऱ्या फिकं झालं. सरसातला रंग सुकला की फिकटतो हे पडदेवाल्या प्रत्येकाला माहीत असतं, आपण चिंधीवर लावून सुकवून बघतोच, पण पडद्यावर रंग चार-पाच असतात. इथे नुसत्या हिरव्याच्या डझनभर छटा लागतात, आणि प्रत्येकीचा अंदाज वेगळा धरायचा म्हणजे दिवस त्यातच जातो.

६ जुलै

बुरशी. तिन्ही चौकटींवर. मागच्या बाजूने काळे ठिपके आणि पुढून आभाळात पांढरी लव. सरस म्हणजे जनावराच्या हाडा-कातड्याचा, बुरशीला आयतं जेवण, आणि जुलैत आमच्या घरात चपलांनासुद्धा बुरशी येते तिथे याचं काय. पडद्यांना हा त्रास का नव्हता? कारण पडदे पावसाळ्यात कुणी रंगवतच नाही. रंगवले दिवाळीनंतर, वापरले मेपर्यंत, मग गुंडाळून माळ्यावर.

शिवाय कापड सैल पडलं. हवेत दमटपणा खूप वाढला की सरसाचा ताण जातो, चौकटीच्या कोपऱ्यातल्या पाचरी ठोकून ताणलं तर दुपारी ऊन पडल्यावर परत इतकं ताठ होतं की एका कोपऱ्यात रंगाला तडे गेले. सरसात तुरटी घालून बघितली, सरस घट्ट धरतो, बुरशी थोडी उशिरा येते, पण येतेच.

सरस बंद. तीन आठवडे गेले.

१९ जुलै

आता प्लाय. ४ एमएमची वॉटरप्रूफ प्लाय, आठ बाय चारची शीट १,६०० रुपयांना पडली, दुकानातच दोन बाय दोनचे आठ तुकडे करून घेतले. पुढून अॅक्रिलिक प्रायमरचे तीन हात, मागून दोन, आणि कडांना वेगळा हात. कडा विसरू नका, पाणी तिथूनच शिरतं. एकाच बाजूला प्रायमर दिला तर बोर्ड वाकतो, एकीकडून दमट हवा ओढतो आणि दुसरीकडून नाही. मोठ्या चित्रांसाठी मागे सागवानी पट्ट्यांची चौकट चिकटवली, सेटचा फ्लॅट बनवतो तशीच, हे काम हाताला आपोआप येतं.

रंग अॅक्रिलिक आणि तेल दोन्ही आणले. पावसात अॅक्रिलिक बरं. तेलाचा जाड हात या हवेत आठवडाभर चिकट राहतो आणि त्यावर मच्छर मरून पडतात, करमळीच्या आभाळात अजून एक आहे.

११ ऑगस्ट

बाहेर जाणं सुरू. बांधावर मोठी छत्री रोवून बसायचं म्हटलं तर वारा छत्रीसकट बोर्ड घेऊन जातो. बऱ्याच फजितीनंतर जमलं ते असं: घडीचं लोखंडी स्टँड, खाली चिऱ्याचा तुकडा दोरीने लोंबकळता, बोर्ड मांडीच्या उंचीवर आडवा, आणि छत्री स्टँडला न बांधता आपल्या पाठीला. वॉटरकलर मात्र या दिवसांत सोडून दिला. पहिला हात सुकतच नाही, आणि चांगला कॉटन कागदसुद्धा दमट हवेत बराच काळ पडला की त्याच्यावरची खळ मरते, रंग टिपकागदावर पडल्यासारखा आत शिरतो. ३०० जीएसएमचे महागडे कागद वाया गेले. उरलेले आता सीलबंद पिशवीत सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेवलेत, पाऊस गेल्यावर बघू.

कुंभारजुव्याच्या खाडीकडे जाणार असाल तर पाण्याच्या अगदी कडेला बसू नका. मगरी आहेत तिथे, आणि ही काही सांगोवांगी नाही. पाण्याकडे पाठ करून तर अजिबात नको.

हिरव्याबद्दल. पडद्यावरचं हिरवं म्हणजे बाजारातलं तयार हिरवं, त्यात पिवळं आणि काळं. लाइट पडला की ते चालतं. उघड्यावर भाताच्या शेताशेजारी तो बोर्ड धरला तर प्लास्टिकची बादली वाटते. तयार हिरवी ट्यूब पिशवीतून काढून टाकली. आता अल्ट्रामरीन, लेमन यलो, यलो ऑकर, बर्न्ट सिएना आणि पांढरा, एवढ्यातून सगळं. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएनाचा राखाडी तर पावसाळी आभाळासाठीच केलाय जसा.

सप्टेंबर, चवथ झाल्यावर

मखरांच्या ऑर्डरींनी महिना खाल्ला. तक्रार नाही, पुढच्या प्लायचे पैसे त्यातूनच निघाले. पण हात परत थर्माकोल-सोनेरीच्या सवयीला गेला, पुढचे दोन बोर्ड त्यामुळे भडक झाले ते खरवडून परत पांढरे केले.

आता मुख्य अडचण लिहितो, कारण माझ्या मते सेटवाल्याचा खरा अडथळा हाच, बाकी सगळं सामानाचं.

आपण खोली तयार करतो ती विंगांनी. डावीकडे झाड, उजवीकडे खांब, त्याच्या मागे अजून एक झाड लहान केलेलं, मधे वाट, शेवटी पडदा. पुढचं मागच्याला झाकतं म्हणून लांबी वाटते. खाजनात झाकायला काहीच नाही. एक बांध, एक पाण्याची पट्टी, एक शेताची पट्टी, लांबवर माडांची रांग, आणि उरलेलं आभाळ. सगळ्या आडव्या रेघा. मी पहिल्या दहा मिनिटांत प्रत्येक वेळी डावीकडे एक माड उभा करत होतो जो तिथे नव्हताच! हात आपोआप विंग लावतो. माड पुसला की चित्र सपाट, ठेवला की नाटकाचा पडदा.

सुटका झाली ती पाण्याकडे बघून. पायाशी असलेल्या पाण्यात आपल्याला तळ दिसतो, चिखल, शेवाळ, पाण्याचा स्वतःचा रंग. जसजशी नजर लांब जाते तसतसं तेच पाणी आरसा होत जातं आणि शेवटच्या पट्टीत निव्वळ आभाळ असतं. म्हणजे खोली तिथे आहेच, झाकाझाकीत नाही तर तळापासून आरशापर्यंतच्या या बदलात आहे. तो बदल नीट पकडला की माड लागत नाही. अजून दोन गोष्टी कामाच्या: पाण्यातलं आभाळ वरच्या आभाळापेक्षा थोडं गडद ठेवायचं, आणि काळ्या झाडाचं प्रतिबिंब झाडापेक्षा थोडं उजळ. सावलीचंही तसंच, नितळ पाण्यावर सावली पडलेली दिसत नाही, गढूळ पाण्यावर दिसते. पावसात खाजनाचं पाणी तांबड्या मातीने गढूळ असतं तेव्हा बांधाची सावली त्यावर स्पष्ट दिसते, आणि डिसेंबरात त्याच जागी ती गायब होते. फोटोवरून रंगवणाऱ्यांचं इथे हमखास फसतं, सावली एका सिझनची आणि पाणी दुसऱ्या.

५ ऑक्टोबर

दिवाडीचा मोठा बोर्ड, सहा बाय तीन, मधोमध मानस. माहीत नसेल त्यांच्यासाठी: खाजन ही भरतीच्या पातळीपेक्षा खालची जमीन, बांधाने नदीपासून राखलेली, आणि बांधात जिथे पाण्याची ये-जा होते ती दारं म्हणजे मानस. लाकडी फळ्या. भरतीचं पाणी बाहेरून दाबतं तेव्हा दार आपोआप मिटतं, सुकतीला (ओहोटीला) बाहेरचं पाणी उतरलं की आतलं पाणी दार ढकलून बाहेर जातं. वीज नाही, मोटर नाही. रंगमंचावर एक दार वेळेवर बंद व्हावं म्हणून आम्ही विंगेत माणूस उभा करतो.

चित्र जवळपास झालं होतं म्हणून जागेवर घेऊन गेलो रंग ताडून बघायला. मानस सांभाळणारे एक काका येऊन मागे उभे राहिले, बराच वेळ बघितलं, आणि म्हणाले, "भायर भरती आनी दार उक्तें? शेत वचत मरे हें." बाहेर पाणी चढलेलं आणि दार उघडं, म्हणजे खारं पाणी आत, म्हणजे पीक गेलं. दार मी सकाळच्या फोटोवरून घेतलं होतं आणि नदी दुपारच्या. बघणाऱ्या शंभरातल्या नव्वदांना कळणार नाही हे खरं, पण दिवाडीतल्या कुठल्याही शेतकऱ्याला पहिल्या नजरेत कळेल, आणि चित्र त्याच्या शेताचं आहे.

दार मिटवणं सोपं नव्हतं. दार मिटलं की आतल्या पाण्याचा ओघ थांबतो, फेस जातो, प्रतिबिंब स्थिर होतं, अर्धं चित्र बदललं. तेवढ्यात काकांनीच हाक मारली, "आतां उदक चडटलें, सामान उखल." उचललं.

त्यानंतर पहिलं काम, टाइड टेबल, म्हणजे भरती-सुकतीचं वेळापत्रक. सेटवर क्यू शीट (कधी काय करायचं त्याची यादी) असते तशी आता ही भिंतीवर लावलीय. आपल्याकडे दिवसातून दोनदा भरती, आणि रोज साधारण पन्नास मिनिटं उशिरा. म्हणजे आज सकाळी आठला भरती असेल तर आठवड्याने त्याच वेळी सुकती. आणि साधारण पंधरा दिवसांनी परत आठच्या आसपास भरती. याचा अर्थ तोच उजेड आणि तीच पाण्याची पातळी हवी असेल तर पंधरवड्यातून दोन-तीनच दिवस मिळतात, त्यात पाऊस किंवा ढग आले तर तो पंधरवडा गेला. म्हणून एक चित्र धरून बसायचं नाही. बोर्डाच्या मागे लिहायचं, "सकाळ, सुकती" किंवा "संध्याकाळ, अर्धी भरती", आणि ज्या दिवशी जे जुळेल ते घेऊन निघायचं. हे कळल्यापासून कामाचा वेग दुप्पट झाला.

२४ ऑक्टोबर

कापणी. ज्या शेताचे हिरवे शिकायला पाऊसभर मरत होतो ते आठ दिवसांत पिवळं झालं आणि मग नुसतं धसकट. अर्धवट हिरवे बोर्ड आता पुढच्या वर्षीपर्यंत भिंतीला.

खाजनात पूर्वी सगळीकडे कोरगुट असायचं, खारेपणा सोसणारं भात. काही जण अजून लावतात. कोरगुटाचं शेत लांबून वेगळं ओळखू येतं, उंच आणि थोडं विस्कटलेलं, वाऱ्याने एका अंगावर झुकलेलं. रंगवायला तेच जास्त चांगलं, एकसारखं उभं असलेलं शेत सतरंजीसारखं दिसतं.

दुसरं, उजेडाचं. घरी रात्री काम करतो तिथे पिवळसर एलईडी होती, ३००० केल्विनची. नेपथ्यवाल्याला पिवळ्या उजेडात बरं वाटतं, अख्खं आयुष्य अंबर जेलखाली (दिव्यापुढच्या पिवळ्या कागदाखाली) गेलेलं असतं. त्या उजेडात जे जुळवलेलं असतं ते सकाळी अंगणात नेलं की निळं पडतं, कारण दिव्याचा पिवळा आपण हिशेबात धरतो आणि बोर्डावर कमी घालतो. ५००० केल्विनची, ९० च्या वर सीआरआय (रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा) असलेली ट्यूब लावली. ९०० रुपये. हे जूनमध्येच करायला हवं होतं, सगळ्यात आधी.

१७ नोव्हेंबर

करमळीचं तळं. कोकण रेल्वेच्या करमळी स्टेशनाला लागूनच, गाडी नसली तरी जाता येतं. या दिवसांत पक्षी येतात. जांभळ्या पाणकोंबड्या, अडया (छोटी बदकं), कमळपक्षी इथलेच, थंडीत तलवार बदकं बाहेरून. पाण्यात रानटी भात उगवतं, आमच्याकडे देवभात म्हणतात, त्याचे पट्टे तपकिरी-सोनेरी दिसतात.

इथे पडदेवाल्याची दुसरी खोड आडवी आली, काळी कड. पडद्यावर प्रत्येक गोष्टीला गडद कड लागते, नाहीतर शेवटच्या रांगेतून काही कळत नाही. मी पाणकोंबडीला कड दिली तर ती स्टिकरसारखी पाण्यावर चिकटून बसली. आता पक्षी शेवटी, एका ब्रशच्या एका टेकवणीत, आणि ज्याची मान-चोच दिसत नाही त्याची काढायची नाही. अडयांचा थवा म्हणजे लांबून फक्त तपकिरी काहीतरी, तेवढंच. पक्षीवाले मित्र चित्रातले पक्षी ओळखायला बघतात आणि वैतागतात. वैतागू देत.

२० डिसेंबर

जत्रांचा सिझन, नाटकं सुरू. एका गावाने खास रंगवलेला पडदा मागितला, नदीकाठ. फार दिवसांनी असं काम आलं म्हणून जोरात सुटलो आणि सगळं नवीन शिकलेलं त्यात ओतलं, मऊ कडा, राखाडी, पाण्याची ती तळापासून आरशापर्यंतची पट्टी. मांडवात लावला, लाइट पाडला, शेवटच्या रांगेत जाऊन बघितलं तर मळकी चादर. नदी नाहीच. मॅनेजर काही बोलला नाही पण तोंड बघण्यासारखं होतं. प्रयोगाला चार तास होते, त्यात काठाला काळी कड, दोन माड डावीकडे, एक उजवीकडे. लगेच नदी दिसायला लागली.

मग डोक्यात आलं की ही दोन वेगळी कामं आहेत आणि एकाने दुसऱ्याचं बिघडवायचं कारण नाही. पडदा चाळीस फुटांवरून, ठरलेल्या उजेडात, ठरलेल्या दिशेने बघायचा. कला अकादमीच्या नाट्यगृहात भिंतींवर व्यंगचित्रकार मारियो मिरांडांनी रंगवलेले सज्जे आणि त्यात बसलेले प्रेक्षक आहेत, ते सगळे रेघेवर उभे आहेत, आणि दिवे मंद झाले की खरंच कुणीतरी बसल्यासारखं वाटतं. तिथे मऊ कडा घालून काय होणार होतं? आणि हा रस्ता काही माझाच नाही. कोल्हापूरचे आनंदराव आणि बाबुराव पेंटर नाटक कंपन्यांचे पडदे रंगवायचे. तिकडे लंडनमध्ये क्लार्कसन स्टॅनफिल्ड, आधी खलाशी, मग ड्रुरी लेन थिएटरचा पडदेवाला, मग समुद्राची चित्रं, १८३५ मध्ये रॉयल अकादमीचा सदस्य. समुद्र त्याने डेकवरून बघितलेला होता हे त्याच्या कामी आलं असणार.

सध्या दोन वेगळ्या पेट्या केल्यात. पडद्याचे ब्रश आणि रंग एकात, चित्राचे दुसऱ्यात. पेटी बदलली की हातही बदलतो.

जानेवारी, पौष

बोरीच्या बाजूला मांगे थापणी बघायला गेलो. शेतातल्याच चिखलाची मगर करतात आणि तिची पूजा, बांध आणि शेत राखावं म्हणून. सेट करणारा म्हणून सांगतो, प्रमाण, वळण, शेपटीचा झोक, सगळं एका दमात आणि हातात एकही अवजार नाही. रंगवायचा प्रयत्न केला आणि सोडला. चिखलाची वस्तू चिखलावर, रंग एकच, फक्त उजेडाने दिसते. दुपारी बाराला काहीच दिसत नव्हती. पुढच्या वर्षी सकाळी सातला पोचायचं.

१८ फेब्रुवारी

आगरवाडोची मिठागरं, पेडण्यात, शापोरा नदीकाठी. इथे अडचण उलटी, उजेड जास्त. सकाळी दहानंतर पांढऱ्या कागदावर काम केलं की डोळे दिपतात, आणि दिपलेल्या डोळ्यांनी सगळं गडद लावलं जातं, घरी आलं की चित्र काळं. बोर्डाला आधीच राखाडी-तपकिरी हात मारून नेला तर हे टळतं. बोर्ड स्वतःच्या सावलीत धरायचा, उन्हात नाही. गॉगल घालून रंगवू नका, रंग सगळे खोटे लागतात, टोपी रुंद कडांची घ्या.

वाफे मात्र माझ्यासारख्यासाठी सोपे. सरळ चौकोन, पर्स्पेक्टिव्ह चोख, आणि प्रत्येक वाफ्यात पाण्याची खोली वेगळी म्हणून रंग वेगळा. ग्राउंड प्लॅन (सेटचा वरून दिसणारा नकाशा) काढायची सवय इथे पहिल्यांदा थेट उपयोगी पडली. सीलबंद ठेवलेले कॉटन कागदही इथे चालले, मात्र हात इतका पटकन सुकतो की आभाळ दोन तुकड्यांत करावं लागतं.

मिठाने स्टँडचे स्क्रू गंजून बसले. घरी आल्यावर गोड्या पाण्याने धुवा आणि तेल द्या, मी तीन दिवसांनी धुतलं, एक पाय आता कायमचा तेवढाच लांब.

९ मार्च

कुडचडेचं नंदा तळं. गोव्यातलं पहिलं रामसर स्थळ, २०२२ मध्ये जाहीर झालं, ४२ हेक्टर. माशेलहून लांब पडतं, पेट्रोल आणि अख्खा दिवस. पाणी गोडं, भरती-सुकतीचा हिशेब नाही, त्यामुळे सलग दोन सकाळी एकाच बोर्डावर बसता आलं, चैन वाटली. पण दोन दिवसांचं काम बघतो तर जास्त घोटलेलं आहे. दिवाडीला पाणी चढायच्या भीतीने जे घाईत व्हायचं तेच बरं होत होतं. आता इथे मोबाइलवर दीड तासाचा अलार्म लावतो आणि वाजला की ब्रश खाली.

हिशेब, जूनपासून, ढोबळ: प्लाय आणि चौकटी ९,५००, प्रायमर आणि रंग १४,०००, कागद ४,२०० (पैकी निम्मा वाया), स्टँड २,८००, ट्यूब ९००, पेट्रोल धरलेलं नाही. मिळकत: दोन बोर्ड विकले गेले, त्यातून प्लायचे पैसे सुटले, रंगांचे नाही. घर चाललं ते मखरं आणि पडद्यांवरच, हे कुणी नोकरी सोडायच्या विचारात असेल तर त्याने नीट वाचावं.

दिवाडीचा मोठा बोर्ड अजून सुकतोय, दार मिटवलेला. त्याला फ्रेम करताना काच लावणार नाही, या हवेत काचेच्या आत वाफ धरते आणि परत बुरशी. मागे अर्धा इंच मोकळी जागा ठेवून भिंतीपासून लांब टांगायचा, चारी कोपऱ्यांना बुचाचे तुकडे. बूच पणजीत मिळालं नाही, मडगावला सांगून ठेवलंय.